चिमटीतला भुंगा

आमच्या खात्यात हसायला बंदी होती. तसं कुठं लिहून लावलेलं नव्हतं, पण कंपनीतला सगळ्यात कडक नियम तोच होता. आम्ही सगळ्याजणी एकाच लांबलचक लाकडी टेबलाला ओळीनं बसायचो. प्रत्येकीसमोर एक मीटर आणि मीटरात एक नाजूक सुई. एकीला हसू फुटलं की तिच्या कोपरांनी टेबल हलायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या सुया थरथरायला लागायच्या. मग काम खोळंबायचं. म्हणून बोलायचं नाही, हलायचं नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. मला हे सांगितलं गेलं तेव्हा मी नुकतीच शाळा संपवून आले होते आणि त्या वयात मला भिंतीकडे बघूनसुद्धा हसू यायचं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. पिंपरीतल्या एका रेडिओच्या कंपनीत मी ट्रान्झिस्टर तपासायला होते. लोक त्या काळी रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणायचे. आमचा ट्रान्झिस्टर म्हणजे त्या रेडिओच्या पोटातला, हरभऱ्याएवढा, तीन तारेच्या पायांचा. त्याचे पाय खोबणीत घालायचे आणि सुई किती चढते ते बघायचं. जितकी सुई वर तितका त्याचा गेन जास्त. म्हणजे बारीकसा आवाज आत दिला तर तो किती मोठा करून बाहेर देतो, त्याचं माप. मग बारीक कुंचल्यानं त्याच्या डोक्यावर ठिपका द्यायचा. कमी गेनला लाल, मध्यमला पिवळा, चांगल्याला हिरवा आणि अगदी वरच्याला पांढरा. पांढरे फार थोडे निघायचे. निघाला की आपल्याच घरातलं पोर बोर्डात आल्यासारखं वाटायचं आणि ते वाटणं तोंड मिटून वाटून घ्यायचं.

दुसरा नियम होता बोटांचा. ट्रान्झिस्टर चिमट्यानंच उचलायचा, त्याच्या अंगाला बोट लावायचं नाही. ते जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर भारी हळवे होते. बोटाची ऊब लागली की सुई आपोआप वर सरकायची आणि लाल ठिपक्याचा माणूस पिवळ्यात जाऊन बसायचा. आमच्या सुपरवायझरबाई यावर फार बारीक नजर ठेवून असायच्या. दुपारी छपराचा पत्रा तापला की त्या सकाळचाच एक ट्रान्झिस्टर पुन्हा लावून बघायच्या, कारण सकाळचा गेन आणि दुपारचा गेन कधी जुळायचा नाही. पायात रबरी चप्पल, त्यामुळे त्या मागं येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही.

पण त्या चहाला गेल्या की आमच्या शर्यती लागायच्या. दोन बोटांच्या चिमटीत ट्रान्झिस्टर धरायचा आणि कुणाची सुई जास्त चढते ते बघायचं. माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण, दापोडीची, ही शर्यत कायम जिंकायची. तिचे हात बारा महिने गरम. थंडीत पहिल्या पाळीला आलो की आम्ही सगळ्याजणी आधी तिच्या हातांवर हात शेकून घ्यायचो. ती गंभीर चेहऱ्यानं लाल ठिपक्यावाला चिमटीत धरायची आणि सुई पिवळ्यात शिरली की कानात सांगायची, "नापासाला पास केला बघ." झालं. मी टेबलाखाली तोंड लपवायचे आणि सगळ्या सुया माझी चुगली करायच्या.

आता गिटारचं सांगते. मी हवाईयन गिटार वाजवायचे. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली गुळगुळीत लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची. चिंचवडला एका गुरुजींचा वर्ग होता आणि तिथं बहुतेक मुलीच असायच्या. आडवी गिटार बसून वाजवता येते, अंगविक्षेप होत नाहीत, म्हणून आईवडिलांना ती पसंत. हळदीकुंकू, बारसं, शाळेचं बक्षीस वाटप, कुठंही मला बसवायचे आणि मी गोड गोड भक्तिगीतं वाजवायचे. बायका म्हणायच्या, किती शांत वाटतं. ते ऐकून माझं डोकं फिरायचं. दिवसभर कंपनीत तोंडाला कुलूप लावून बसायचं आणि संध्याकाळी पुन्हा लोकांना शांत वाटेल असं वाजवायचं! मला एकदा तरी सगळ्यांच्या कानठळ्या बसतील असं काहीतरी वाजवायचं होतं. याहून दुसरी काही महत्त्वाकांक्षा मला त्या वयात नव्हती आणि ती नव्हती याची मला आजही लाज वाटत नाही.

कंपनीचा एक ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत कंपनीच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम व्हायचा आणि पार आकुर्डीपासून लोक ऐकायला यायचे. ऑर्केस्ट्राचे म्होरके टूलरूममधले एक जण, सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. ते चाकणजवळच्या निघोज्याचे, घरी कांद्याची शेती, आणि गळ्यात अ‍ॅकॉर्डियन अडकवलं की माणूस एकदम साहेब दिसायचा. त्या वर्षी श्रावणात त्यांचा गिटारवाला दुबईला निघून गेला. ही बातमी कॅन्टीनमध्ये ऐकली आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी उठले आणि थेट भाऊंच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं की मी गिटार वाजवते.

त्यांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, उभी की आडवी. मी म्हटलं, आडवी. त्यांचा चेहरा पडला. "मंग कसं जमायचं ताई? आडवी गिटार म्हंजी देवाचं गानं." मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. हल्लीच्या गाण्यांत गिटारचा एक घुमणारा, गुरगुरणारा आवाज येतो, भुंग्यासारखा. तो आला की पोरं शिट्ट्या मारतात, आणि तो नसेल तर कार्यक्रम आजारी वाटतो. देहूरोडच्या कॅम्पातल्या एका गिटारवाल्याकडे तो आवाज काढणारी परदेशी पेटी आहे, पायानं दाबायची. भाऊ त्यालाच बोलावणार होते.

"आणि तो आवाज मी आणला तर?" मी विचारलं. मला राग आला होता आणि राग आला की मी अशी काहीही बोलते.

भाऊंनी बशी खाली ठेवली. "आना की. गनपतीत आवाज आला तर खुर्ची तुमची. न्हाईतर देहूरोडचा."

मी जागेवर परत आले. मैत्रिणीला सगळं सांगितलं, अर्थात ओठ न हलवता, कारण बाई मागं होत्या. ती तिकडं न बघता एवढंच म्हणाली, "करू या की." जणू मी तिला भाजी आणायला सोबत बोलावलं होतं.

तिचा थोरला भाऊ दापोडीला रेल्वेच्या फाटकाजवळ रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागं आम्हाला नकाशा काढून दिला. दोन ट्रान्झिस्टर, चार-दोन बारीकसारीक वस्तू आणि एक बॅटरी. मी म्हटलं, एवढंच? तो म्हणाला, एवढंच. गिटारचा आवाज पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये जातो, तो त्याला वाढवतो आणि दुसऱ्याच्या ताब्यात देतो. दुसऱ्यात तो मावत नाही. दूध उतू जातं तसा तो आवाज काठावरून सांडतो, आणि सांडलेला आवाज म्हणजे तुमचा भुंगा. मैत्रीण आधी जोडणीच्या खात्यात होती, त्यामुळे शिसं वितळवून डाग द्यायचं काम तिच्या हातचा मळ. पेटी म्हणून आम्ही तिच्या जेवणाच्या डब्याचा वरचा कप्पा घेतला. अ‍ॅल्युमिनियमचा, वर घट्ट झाकण, बाजूला तारांसाठी दोन भोकं आणि एक खटका.

आता प्रश्न एकच राहिला, ट्रान्झिस्टर कोणते घालायचे. नकाशात ते लिहिलेलं नव्हतं. पण आम्हाला तो प्रश्न वाटलाच नाही. पांढरे! दुसरं काय? जन्मभर ज्यांनी पांढऱ्या ठिपक्याला देवासारखं जपलं त्या बायका आणखी काय घालणार? ही चूक साऱ्या पिंपरी-चिंचवडात फक्त आमच्या खात्यातल्या पोरीच करू शकल्या असत्या, आणि ती आम्ही मोठ्या रुबाबात केली.

चाचणीसाठी पाय आखूड छाटलेले नमुने बाईंच्या कपाटात एका बरणीत असायचे, नव्या मुलींना शिकवण्यासाठी. ते पुन्हा विकायच्या मालात जात नसत. मी बाईंकडे गेले आणि कशासाठी हवेत ते खरं खरं सांगून टाकलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, कोणता ठिपका. मी म्हटलं, पांढरा. त्यांची एक भुवई वर गेली. पण बरणी उघडून चिमट्यानं दोन पांढरे काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि बोटं लावू नकोस म्हणून बजावलं.

पहिली तालीम पहिली पाळी सुटल्यावर कॅन्टीनमध्ये ठेवली होती. ऑर्केस्ट्राची सगळी मंडळी जमली. भाऊ अ‍ॅकॉर्डियन अडकवून तयार. मी गिटार मांडीवर घेतली, डबा ॲम्प्लिफायरला जोडला आणि चालू केला. आधी एक सूंऽऽ असा आवाज आला, वाफेच्या इंजिनाचा. मी अजून तारेला हात लावलेला नव्हता. मग लावला, आणि जी किंचाळी निघाली तिनं कॅन्टीनच्या आचाऱ्याच्या हातातला झारा खाली पडला. मी घाबरून कांडी तारांवर दाबून धरली. किंचाळी थांबली. आणि त्या शांततेत, आमच्या जेवणाच्या डब्यातून, एक पुरुष खणखणीत आवाजात सांगायला लागला की चाकणच्या बाजारात आज कांद्याची आवक चांगली झाली.

कुणाला काही कळेना. पांढऱ्या ठिपक्यांचा गेन इतका दांडगा होता की गिटारच्या तारेनं हवेतला रेडिओच ओढून घेतला होता. मी हात उचलला, तो माणूस गेला. ठेवला, परत आला.

"ताई, हात तसाच ठिवा," भाऊ एकदम म्हणाले. "कुनी हलू नका."

मग निघोज्याच्या त्या शेतकऱ्याच्या लेकानं अ‍ॅकॉर्डियन छातीशी धरून, डब्याशी कान लावून कांद्याचे सगळे भाव ऐकले. कांद्यानंतर बटाटा आला, तोही ऐकला. माझा हात अवघडून गेला होता, पण हलवायची सोय नव्हती. ढोलकवाला ढोलकवर डोकं ठेवून रडत होता, म्हणजे हसून रडत होता. मैत्रिणीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. बाजारभाव संपल्यावर भाऊ सरळ उभे राहिले, प्रसन्न दिसत होते. "भाव बरा हाय," ते म्हणाले. "पन ताई, ही गिटार न्हाई."

घरी जाताना बसमध्ये आम्हाला बसायला जागा मिळाली नाही, आणि बरं झालं, कारण आम्ही दोघी दांड्याला लटकून हसत होतो. कंडक्टरनं दोनदा विचारलं काय झालं म्हणून. आम्ही म्हटलं, कांदा.

हसू ओसरल्यावर मात्र आम्ही दिवस मोजले. गणपती तोंडावर आले होते. सगळ्यात चांगला माल घालून ही गत, तर आता घालायचं काय? मैत्रीण म्हणाली, मग सगळ्यात वाईट घालून बघू. मी पुन्हा बाईंपुढं उभी राहिले. या वेळी त्यांनी ठिपका विचारला नाही, सगळ्या रंगांचे मूठभर नमुने एका पुडीत बांधून दिले.

रविवारी दापोडीला मैत्रिणीच्या घरी जमलो. पत्र्याची खोली, वर श्रावणातलं कडक ऊन, बाहेरून गाड्यांचा आवाज. मैत्रिणीच्या भावानं ॲम्प्लिफायर आणला होता. तिची आई दाराशी तांदूळ निवडत बसली होती आणि तिला गिटारमधलं ओ का ठो कळत नव्हतं, म्हणून आम्ही तिलाच परीक्षक केलं. दोन्ही लाल घातले. भुंगा उठायचा प्रयत्न करी आणि लगेच बसून जाई. मी तार छेडली की आवाज थोडासा खरखरून मरायचा, लांबतच नव्हता. आई म्हणाली, ह्याला खोकला झालाय. दोन्ही हिरवे घातले, तर आवाज जाडा झाला पण त्याला दात फुटले. आईनं कान झाकले. मग एक पांढरा आणि एक लाल. तो तर भांडायलाच लागला. दर वेळी मैत्रीण डाग सोडवायची, नवीन पाय जोडायची, फुंकर घालायची, मी वाजवायचे, आई नाक मुरडायची. मला तर वाटायला लागलं होतं की आम्ही ट्रान्झिस्टर नाही, एका कडक सासूला मुली दाखवतोय.

मग मैत्रिणीनं पुढं पिवळा आणि मागं हिरवा घातला. मी कंटाळून, काही अपेक्षा न ठेवता एक तार छेडली आणि कांडी वर सरकवली.

तो आवाज कसा होता ते सांगायला आजही मी अडखळते. जाड होता पण मऊ होता. छेडल्यावर तो संपलाच नाही, कांडीबरोबर वर चढत गेला, गुरगुरत, मध सांडावा तसा. जोरात छेडलं तर गुरगुरायचा, हळू छेडलं तर साळसूद व्हायचा. मी कांडी तशीच धरून बसले आणि तो चालूच होता. आईनं सुपातले हात थांबवले. "आत्ता कसं," ती म्हणाली, "आत्ता गळ्यातनं आला."

मैत्रीण जमिनीवरच आडवी पडून हसायला लागली. मीही. मला रडूही येत होतं. आमच्या टेबलावर लाल सगळ्यात खाली आणि पांढरा सगळ्यात वर, त्यात कधी शंका नसे. इथं मात्र मधला पिवळा पुढं उभा राहिला आणि आवाजाला बेताबेतानं वाढवून हिरव्याच्या हातात देत होता, म्हणून जमलं होतं. उलट लावून बघितले तर नाही जमलं. पुन्हा सुलट लावले. संध्याकाळपर्यंत मी इतकं वाजवलं की शेजारच्यांनी शेवटी आईला विचारलं, घरात काय आणलंय आणि ते चावतं का.

तालमीत भाऊंनी ऐकलं आणि डोळे मिटून मान डोलावली. पण ते पक्के. कार्यक्रमात आला तर खरा, म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. संध्याकाळी उघडला, पण मांडव ओलाचिंब आणि पवनेकडून गार वारा सुटलेला. लोक छत्र्या मिटून ओल्या सतरंज्यांवर बसले होते. माझ्या हातांवर काटा आला होता, तो थंडीनं की भीतीनं हे मला माहीत नव्हतं. तो देहूरोडचा गिटारवालाही आला होता. ऐकायला आलो म्हणाला, पण काखेत पेटी होतीच. भाऊंनी त्याला तयार राहायला सांगितलं असणार. मला भाऊंचा मनस्वी राग आला, आणि तरी त्यांचं काही चुकत नव्हतं.

पहिली दोन गाणी साधीच होती. तिसऱ्यात भुंगा होता. मी डब्याचा खटका दाबला आणि तार छेडली.

काही नाही. म्हणजे आवाज आला, पण कसा? पातेलं खरवडल्यासारखा. दापोडीचा मध कुठं गेला? मी जोरात छेडलं, तर आणखी खरवड. भाऊ वाजवता वाजवता माझ्याकडे बघायला लागले. मांडवाच्या खांबाशी तो देहूरोडचा सरळ उभा राहिला. एवढ्या लोकांसमोर मी पुन्हा ती आडवी गिटारवाली शांत मुलगी होणार होते, आणि ते मला मरणाइतकं नको होतं.

मैत्रीण पडद्याआड डब्यावर छत्री धरून बसली होती. ती वाकून पुढं आली, डब्याचं झाकण उघडलं आणि आत हात घातला. "अगं, हा पार गारठलाय," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दापोडीचा पत्रा! आम्ही ती जोडी तापलेल्या पत्र्याखाली जुळवली होती. सकाळचा गेन आणि दुपारचा गेन जुळत नाही, हे बाई आम्हाला रोज दाखवत होत्या, आणि आम्ही दोघी ते घरी जाताना रोज कंपनीतच ठेवून जात होतो. मी तिला काही सांगायच्या आत तिनं डब्यातला पिवळा ट्रान्झिस्टर दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. तीच चिमटी. चेहरा तसाच गंभीर, शर्यतीतल्यासारखा.

मी तार छेडली. खरवड. पुन्हा छेडली. खरवड, पण जरा भरलेली. मी थांबले नाही. आणि मग, तिच्या त्या बारमाही गरम बोटांत, तो उठला. आधी घशात, मग छातीत, मग साऱ्या मांडवात. मला न दिसणारी सुई कुठंतरी चढत होती हे मला हातात कळत होतं. मी कांडी सरकवत वर नेली आणि भुंगा माझ्यामागं गुरगुरत आला, अजिबात न तुटता. मागच्या सतरंज्यांवरून पहिली शिट्टी आली.

भाऊ आपलं वाजवायचं विसरले. जिथं त्यांनी सूर धरायचा तिथं तो धरलाच नाही, म्हणून मी तोच तुकडा पुन्हा घेतला. मैत्रिणीची ऊब आता जास्त झाली आणि आवाज फुटून भकभक करायला लागला, तर तिनं बोटं सोडली आणि ट्रान्झिस्टरवर फुंकर घातली. आवाज पातळ झाला. पुन्हा चिमटी, पुन्हा जाड. आम्हाला दोघींना एकाच वेळी कळलं की हे वाजवता येतंय! मग काय विचारता. मी सूर लांबवायचे आणि ती चिमटीनं त्याला फुगवायची, फुंकरीनं उतरवायची. मी तिच्याकडे बघायचे, ती डब्याकडे. लोकांना एवढंच दिसत होतं की एक बाई गुडघ्यांवर बसून जेवणाच्या डब्यात फुंकर घालतेय. नंतर कितीतरी दिवस लोक विचारायचे, तुम्ही स्टेजवर चूल पेटवत होतात का.

मी स्टेजवर मोठ्यानं हसत होते. ते कुणाला ऐकू येत नव्हतं, कारण भुंगा माझ्याहून मोठा होता. इतकी आनंदात मी त्याआधी कधीच नव्हते, आणि ते तेव्हाच मला माहीत होतं.

कार्यक्रम संपल्यावर तो देहूरोडचा गिटारवाला आला आणि डब्यात डोकावला. बराच वेळ हसला. मी बघू का म्हणाला आणि त्यानं स्वतः चिमटी लावली. त्याचे हात गार निघाले, काही झालं नाही. मैत्रिणीच्या हाताला हात लावून बघितल्यावर त्यानं आपली पेटी उचलली आणि भला माणूस, आमचं कौतुक करून निघून गेला.

भाऊ मात्र आवराआवरीला लागले होते. अ‍ॅकॉर्डियनची पेटी बंद करत राहिले. मी सरळ विचारलं, खुर्ची माझी ना? "आवाज तर आला, ताई," ते म्हणाले. "पन तो तुमचा म्हनू का त्यांचा? खुर्ची तर एकच हाय." विचार करून सांगतो म्हणाले.

हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. ऑर्केस्ट्रात माणसं मोजून असायची, बाहेरच्या कार्यक्रमांना जायच्या टेम्पोत जेवढी मावतील तेवढीच. घरी जाताना मैत्रीण म्हणाली, तू बस, मी तुला दुसरी गरम हातांची कुणी शोधून देईन. ती हे अगदी सहज म्हणाली, आणि मला तिचा इतका राग आला की मी फाटकापर्यंत तिच्या पुढं पुढं चालत राहिले. त्या खुर्चीसाठी मी काय काय केलं होतं! पण खुर्ची एकच असेल तर मी त्यावर बसणार नव्हते. हे ठरवताना मला मोठेपणा वगैरे वाटला नाही. नुसतं वाईट वाटलं, खूप वाईट.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी. आम्ही सगळ्याजणी ओळीनं बसलेलो, चिमटे हातात, सुया स्थिर. खात्यात इतकी शांतता की कुंचला बाटलीच्या काठावर पुसला तरी ऐकू यावं. बाई माझ्या मागं उभ्या होत्या. कार्यक्रमाला त्या आल्या होत्या, तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, पण त्यावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आणि मैत्रिणीनं त्यांच्यादेखत, एवढ्या लोकांदेखत, ट्रान्झिस्टरला बोटं लावली होती.

तेवढ्यात दार उघडलं. भाऊ उंबऱ्यावर उभे. टूलरूमच्या यंत्रांत आयुष्य गेलेल्या माणसांना हळू बोलता येत नाही, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसावं.

"ताई," ते तिथूनच गरजले, "खुर्च्या दोन घेतल्यात. ढोलकवाला सायकलीवर येतो म्हनाला. आन डबा ठिवायला स्टूल बी सांगितलंय."

एवढं बोलून ते गेले. दार लागलं.

मी सुईकडे बघत राहिले. सुई हलली नव्हती. मग अगदी बारीक थरथरली. माझी नव्हे, ती शेजारून आली होती. मी मान न वळवता ओळखलं की मैत्रिणीचे खांदे हलताहेत. माझ्या नाकातून एक आवाज निघाला. पलीकडची फुटली, तिच्या पलीकडची फुटली, आणि साऱ्या टेबलावरच्या सगळ्या सुया नाचायला लागल्या.

बाई पुढं आल्या. मैत्रिणीच्या मीटरवर वाकल्या, सुईकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे पाहिलं. आता आम्हा दोघींची धडगत नव्हती. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि तो पुसता पुसता त्यांचाच आवाज हलला.

"सुया थांबेपर्यंत हसून घ्या," त्या म्हणाल्या, "मग कामाला लागा."

आम्ही हसतच राहिलो, त्यामुळे सुया काही थांबेनात.